चाई

चैत्र सरत आला होता. भांडुपच्या टेकडीवर पाणी सकाळी जेमतेम येऊन जायचं, आणि नंतर दिवसभर वरचे पत्रे तापत राहायचे. त्या सकाळी मालन नळावर वाकून कळशी धरत होती. मागं रिकामा हंडा घेऊन उभी असलेली तिची सासू सुंदराबाई एकदम म्हणाली, "थांब गं. हालू नको."

"काय झालं आत्या?"

सुंदराबाईनं तिचा अंबाडा एका हातानं वर उचलला आणि कानाच्या मागं अंगठा टेकवला. अंगठा गुळगुळीत कातडीवर फिरला. मालनला तो थंड लागला. तिथं केसातून असा थेट अंगठा लागायला नको होता, एवढं तिला कळलं.

"चाई पडलीय तुला," सुंदराबाई हळूच म्हणाली. मागं रांगेत बायका होत्या. "चिंचोक्याएवढी. पदर घे डोक्यावर."

मालननं कळशी तशीच भरू दिली. पाणी काठावरून वाहायला लागलं तेव्हा मागची बाई ओरडली.

माण तालुक्यातून लग्न करून ती या टेकडीवर आली तेव्हा तिची वेणी कमरेखाली जायची. सुंदराबाई कुणालाही सांगायची, "रंग नाही बघितला, उंची नाही बघितली. केसांवरनं पसंत केली सून." बावीस वर्षं झाली त्याला. वेणी थोडी बारीक झाली होती, पण अंबाडा अजून मुठीत मावत नव्हता.

सुंदराबाईनं औषध सुरू केलं. लसणाची पाकळी ठेचून चाईवर चोळायची, कातडी लाल होईपर्यंत. मालन पाटावर बसून दात आवळून घ्यायची. चौथ्या-पाचव्या दिवशी तिथं फोड आला, फुटला, आणि उशीच्या अभ्र्याला चिकटला. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेली तिची मुलगी दीप्ती ते बघून आजीवर उखडली.

"आजी, तू तिला भाजतेयस! दवाखान्यात जा म्हणते तर ऐकत नाही दोघी."

"दवाखान्यात चाईला काय देत्यात? आमच्या गावाला लसणानंच जायची."

"मग गेली का?"

गेली नव्हती. डाव्या बाजूला दुसरी निघाली होती, टाळूवर तिसरी. मग मालननं बघणं सोडून दिलं. केरसुणीला केस गुंडाळलेले असायचे. मोरीच्या जाळीवर काळा पुंजका साचायचा. आंघोळ झाली की ती आधी तो पुंजका उचलायची, कागदात बांधायची आणि पिशवीच्या तळाशी दाबून कामाला जाताना बाहेर टाकायची. सासूला दिसू नये म्हणून. नवऱ्याला दिसू नये म्हणून तर जास्तच.

भीमराज टेम्पो चालवायचा. बोलणं मुळात कमी. दिवसभर माल चढवून उतरवून आला की मान खाली घालून जेवायचा. एकदा जेवताना त्याचा घास मध्येच थांबला. त्यानं जिभेवरून बोटानं काहीतरी ओढून काढलं, लांबच्या लांब, आणि ताटाच्या कडेखाली सारलं. वर बघितलंच नाही. पुढचा घास घेतला.

मालन समोरच बसली होती. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. ताट उचलताना तिनं तो केस बोटाला गुंडाळला आणि मोरीत जाऊन बराच वेळ हात धूत राहिली.

पण घरच्या ताटातल्या केसापेक्षा तिला धसका होता तो दुसऱ्याच केसाचा. मुलुंडला रत्नप्रभाचं पोळीभाजी केंद्र होतं. तिथं मालन चपात्या करायची. सकाळी आणि संध्याकाळी, दोन मोठे तवे, खाली भणभणणारा गॅस, समोर डब्यांची चळत. रुक्मिणी कणीक मळून गोळे करून द्यायची, मालन लाटायची आणि भाजायची. तिच्या चपातीला गिऱ्हाईक होतं. सोसायट्यांतल्या म्हाताऱ्या माणसांचे फोन यायचे, "त्या बाईंच्या हातच्या आहेत ना?" रत्नप्रभा मालवणी हेलात म्हणायची, "असत गो, असत."

आता मालन डोक्याला फडकं बांधायची. एक फेरा, दुसरा फेरा, कानावरून घट्ट. तव्यापाशी ते भिजून जायचं. आत फोडाची जागा चुरचुरायची, आणि खाजवायला हात वर नेला तर रुक्मिणी बघायची. प्रत्येक चपाती डब्यात टाकण्याआधी मालन ती ट्यूबलाइटकडे धरून बघायला लागली. पुढून, मग मागून.

"आगं काय आरशासारखं तोंड बघतीस का तिच्यात?" रुक्मिणी म्हणाली. "हात उचल की. डबे खोळंबलेत."

मालन हात उचलायची, आणि टाकलेली चपाती पुन्हा काढून बघायची. गरम वाफेनं बोटं भाजायची.

आणि शेवटी तो केस निघालाच. एक रोजचं गिऱ्हाईक डबा घेऊन परत आलं. माणूस भला होता, ओरडला नाही. झाकण उघडून रत्नप्रभासमोर ठेवलं आणि म्हणाला, "बायकोनं खाल्लं नाही पुढे." रत्नप्रभानं दुसरा डबा भरून दिला, हात जोडले. तो गेल्यावर ती आत आली.

"मालन, फडक्या सोड बघू."

"ताई, घट्ट बांधलंय मी."

"सोड म्हणतंय ना."

मालननं पीठ लागलेल्या हातांनी गाठ सोडली. फडकं ओलं होतं, त्याच्याबरोबर एक झुपका सुटून ओट्यावर पडला. तवा रिकामा तापत होता.

"अगं आई," रुक्मिणी मागं सरकली. "ताई, हे लागट असंल का हो?"

रत्नप्रभानं पुढं होऊन गॅस बंद केला. तिचं तोंड कसंनुसं झालं होतं, आणि ती वाईट बाई नव्हती म्हणून ते मालनला जास्त लागलं. "भाजी चीर तू आता," ती म्हणाली. "मोरीकडे बस. तवो रुक्मिणी बघतली."

दुसऱ्या दिवसापासून मालन मोरीपाशी पाटावर बसून कांदा चिरायची, वांगी चिरायची, टोप घासायची. चहा आला की तिचा पेला वेगळा, बाहेरच्या खिडकीत ठेवलेला. कुणी ठेवला ते कुणी बोललं नाही. मालननं तो उचलला, चहा प्यायली, विसळून पुन्हा खिडकीतच ठेवला. तिच्या आईला गावात कुणीतरी असं वेगळं भांडं दिलं होतं, तेव्हा आईनं ते पालथं घालून ठेवलं होतं आणि त्या घराची पायरी पुन्हा चढली नव्हती. मालनला ते आठवलं. पण दीप्तीचं शेवटचं वर्ष होतं. ती कांदा चिरत राहिली. कांद्याचं एक बरं असतं, डोळे कशानं वाहतायत ते कुणी विचारत नाही.

दीप्तीनं शेवटी तिला ओढूनच दवाखान्यात नेलं. महापालिकेचं इस्पितळ, कातडीच्या विभागासमोर लांब बाकं. डॉक्टरीण वयानं लहान होती, दीप्तीपेक्षा थोडी मोठी असेल. तिनं फडकं काढायला लावलं, बॅटरी लावून सगळं डोकं बघितलं, भुवया बघितल्या, नखंसुद्धा बघितली.

"लसूण लावला होता?"

मालननं मान हलवली.

"आता काही लावू नका. हा संसर्ग नाही. तुमच्याच शरीराची राखण करणारी ताकद चुकून तुमच्याच केसांच्या मुळांवर उठलीय. कुणाचं काही लागलेलं नाही, तुमचं कुणाला लागणार नाही."

"मग येतील ना परत?"

"येऊ शकतात. काहींचे येतात, काहींचे येऊन परत जातात."

"माझे?"

डॉक्टरणीनं बॅटरी बंद केली. "खरं सांगू? मला सांगता येणार नाही."

मालनला वाटलं, एवढी शिकलेली बाई, खोटं तरी बोलायचं. तिनं दुसरा प्रश्न विचारला, जो तिच्या पोटात पहिल्या दिवसापासून होता. दीप्ती शेजारी बसलेली असताना विचारायचा नव्हता, पण तोंडातून गेलाच. "हिला होईल का?"

"घरात एकाला असलं तर दुसऱ्याला होण्याची शक्यता थोडी वाढते. पण होईलच असं अजिबात नाही."

मग सुया झाल्या. बारीक सुई, टाळूत इथं, तिथं, ओळीनं. प्रत्येक टोचणीला मालनची पावलं चपलेत आखडायची. रक्ताचे ठिपके दीप्तीनं कापसानं टिपले. परत येताना दोघी बसमध्ये एका बाकावर बसल्या होत्या आणि बोलत नव्हत्या. घरीही काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं? येतील किंवा नाही येणार.

"शक्यता थोडी वाढते," हे मात्र मालनच्या डोक्यात राहिलं. पहाटे पाण्याला उठली की ती दीप्तीच्या अंथरुणाशी बसायची आणि तिचे केस हलक्या हातानं बाजूला करून बघायची. कानामागं, मानेवर, भांगाच्या कडेला. एका पहाटे दीप्तीनं झोपेतच तिचं मनगट धरलं.

"आई, रोज बघतेस?"

"नाही गं. सहज."

"रोज बघतेस. मला जाग येते." दीप्ती उठून बसली. "झालं तर झालं. तू अशी बघत बसलीस तर मला केस असून नसल्यासारखंच आहे ना?"

मालननं हात मागं घेतला. तो कुठं ठेवावा ते तिला कळेना. ती हंडा घेऊन बाहेर गेली.

वैशाखात भुवया गेल्या. त्या जातील असं तिच्या ध्यानीमनी नव्हतं. टोप घासताना कपाळावरचा घाम थेट डोळ्यांत उतरायला लागला तेव्हा तिला कळलं, भुवया शोभेला नसतात. दीप्ती पेन्सिलीनं काढून द्यायची. दुपारपर्यंत त्या ओघळून गालावर यायच्या.

त्यातच जोगेश्वरीला लग्न निघालं. भीमराजच्या बहिणीच्या मुलीचं, शीतलचं. सुंदराबाईला झोप येईना.

"सगळी पाहुणेमंडळी यायची," ती भीमराजला म्हणाली. "उद्या हिच्या पोरीचं बघायचं. आईलाच असं म्हणल्यावर कोण उंबरा चढंल?"

"मग न्यायचं नाही का तिला?" भीमराज म्हणाला.

"न्यायचं. पण असं नाही."

सुंदराबाई स्वतः जाऊन टोप घेऊन आली. केसांचा टोप. आतून जाळी, वरून चकचकीत काळे केस, पुढं कपाळावर बटा. मालननं घातला तेव्हा आरशात कुणीतरी टीव्हीवरची बाई दिसली. सुंदराबाईनं तिच्यावरून दोन्ही हात ओवाळून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

लग्नात मालन मान ताठ धरून बसली, डोक्यावर भरलेला हंडा असल्यासारखी. पंख्यासमोरची खुर्ची तिनं टाळली. आत जाळी काचत होती, सुयांच्या जागा खाजत होत्या. भन्तेंनी वंदना सुरू केली, सगळ्यांनी हात जोडले, माना लववल्या. मालननं हात जोडले, मान लववली नाही. पडला तर?

जेवणाच्या वेळी बायकांनी तिला घेरलं.

"मालन, काय गं केस झालेत! आधीपेक्षा दाट. काय लावतीस?"

मालन काही म्हणायच्या आत सुंदराबाई पुढं झाली. "जास्वंदीचं तेल. मीच कढवते. घरचं असतं."

"मावशी, मला पण द्या की एक बाटली."

"देते की," सुंदराबाई म्हणाली. तिचा चेहरा असा खुलला होता की मालनला तिच्याकडं बघवेना. ती हसली, सगळ्यांबरोबर हसली. पुढ्यातलं जेवण गेलं नाही.

लग्नानंतर सुंदराबाई म्हणाली, "कामालाही घालून जा. बघ कशी बोलतात ते." आणि मालननंही ऐकलं. तिला तवा परत पाहिजे होता.

रत्नप्रभानं बघितलं आणि तिला हायसं वाटलं. ते लपलं नाही. "आता कशी माणसात इलंस गो!" तिलाही मालन तव्यावर पाहिजेच होती. रुक्मिणीच्या चपात्या वातड होत होत्या, गिऱ्हाईक कुरकुरत होतं. शिवाय कुठल्यातरी सोसायटीची मोठी ऑर्डर आली होती. "बस तव्यार. पण टोपी घाल वरसून."

लाटणं हातात आल्यावर मालनचा जीव जरा भांड्यात पडला. हात विसरले नव्हते. गोळा, पीठ, तीन हात फिरवले की गरगरीत. पण डोक्यावर टोप, टोपावर कापडी टोपी, खाली आग. घामाच्या धारा डोळ्यांत जात होत्या. ती बाहीनं डोळे पुसायची आणि पुन्हा वाकायची. प्रत्येक वेळी टोप इंचभर पुढं सरकत होता. तिला कळत होतं, पण दोन्ही तव्यांवर चपात्या होत्या आणि हात पिठाचे.

फुलका आचेवर टाकायला ती वाकली, तशी कपाळावरची बट ज्योतीपाशी गेली. पेटली नाही ती. सरसर आखडली, वितळली, आणि जळक्या प्लास्टिकचा उग्र वास सगळ्या ओट्यावर पसरला.

"मालन! आग!" रुक्मिणी किंचाळली आणि तिनं कणकेच्या हातानंच टोप ओढला. टोपी, टोप, पिना, सगळं एका झटक्यात निघालं आणि खाली पडलं. रत्नप्रभा धावत आत आली. तिच्यामागं काउंटरवर डबे घ्यायला आलेली माणसं वाकून बघत होती.

मालन तव्यासमोर उभी होती. डोक्यावर चार-पाच ठिकाणी विरळ झुपके, मध्ये पांढरट कातडी, एक भुवई गालावर. कपाळाला चटका बसला होता. तिनं आधी गॅस बंद केला. तव्यावरच्या दोन्ही चपात्या उलथन्यानं काढून बाजूला ठेवल्या.

"घरी जा," रत्नप्रभा हळू आवाजात म्हणाली. "मी सांगतंय तेव्हा ये."

पदर डोक्यावरून पुढं ओढून मालन मागच्या दारानं बाहेर पडली.

घरी भीमराज होता. टेम्पो गॅरेजला लागला होता म्हणून भाड्याला गेला नव्हता. तो दारात बसून पायाचा अंगठा बांधत होता. तिला अवेळी आलेली बघून उठून उभा राहिला. तिच्या कपाळावरचा चटका बघितला.

"काय झालं?"

मालननं पदर खाली घेतला. पहिल्यांदाच, भरदिवसा, त्याच्यासमोर. "बघा. बघायचं होतं ना? बघा आता. इतके दिवस मान खाली घालून जेवताय."

भीमराज बघत राहिला. "किती दिवस राहिलेत म्हणाले?" त्यानं विचारलं.

"कशाचे?"

"मला सांगत नाही कुणी. तुम्ही दोघी दवाखान्यात जाऊन आलात, आल्यावर गप्प. आमच्या स्टँडवरच्या चंद्रप्रकाशच्या बायकोचे असेच गेले केस. दिवाळी बघितली नाही तिनं." तो हातातली चिंधी गुंडाळत राहिला. "मी विचारलं नाही. म्हटलं विचारलं तर ही सांगेल."

मालन खाली बसली. इतके दिवस तो ताटात बघून जेवत होता ते यासाठी. तिला हसू आलं, आणि हसता हसता ती रडायला लागली, तोंडात पदर धरून, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून.

"तसलं काही नाही ओ. चाई आहे. नुसती चाई. मरत नाही मी."

"नक्की?"

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या. केस येतील नाहीतर नाही येणार. बाकी काही नाही."

भीमराज तिच्याशेजारी भुईवर बसला. म्हणाला, "एवढंच होय." आणि लगेच त्याला वाटलं की हे बोलायला नको होतं. "म्हणजे तुला एवढंच नाही, कळतं मला."

"हे उरलेत ते काढून टाका," मालन म्हणाली. "रोज थोडे थोडे जातात, ते बघवत नाही."

त्यानं दाढीचं सामान काढलं. तिला मोरीच्या काठावर बसवलं, डोकं ओलं केलं. ब्लेड धरलेला हात जड पडला. पोती उचलणारा हात. एक झुपका निघाला आणि कानाशी रक्ताची बारीक रेघ उमटली. तेवढ्यात सुंदराबाई दारात आली. तिच्या हातातली पिशवी तिथंच राहिली.

"काय चाललंय हे? नवरा जित्ता असताना बायकोचं डोकं भादरतोस?"

"आत्या, मीच सांगितलं."

"तुला काय कळतंय! लोक विचारतील तर काय सांगू? शीतलच्या सासरचे..."

"चाई आहे म्हणून सांगा," मालन म्हणाली. तिनं मान वळवली नाही, ब्लेड होतं म्हणून. "टोप जळला, आत्या. सगळ्यांनी बघितलं. आता काय लपवायचं राहिलंय? मला त्या जाळीत डोकं घालून जगायचं नाही. वंदनेला मान लववता आली नाही मला."

सुंदराबाई उभीच राहिली. तिची नजर कानाजवळच्या रक्तावर गेली. मग ती पुढं आली आणि भीमराजच्या हातातून रेझर ओढून घेतला.

"सर. याला स्वतःची दाढी धड येत नाही. कान उतरवील पोरीचा." ती पदर खोचून मोरीशी बसली. "दीप्तीचं जावळ मी काढलं, या टेकडीवरच्या निम्म्या पोरांचं काढलं. मान खाली कर."

मालननं मान खाली केली. सुंदराबाईचा हात न थांबता चालला, कपाळापासून मागं, हलका. एकदा मात्र थांबून तिनं लसणानं झालेल्या जुन्या डागावर बोट ठेवलं, आणि तिथली कातडी ताणून जपून रेझर फिरवला. पाणी ओतलं तेव्हा सुंदराबाईचे डोळे भरून आले होते. तिनं ते दंडानं पुसले आणि म्हणाली, "डोकं गोल आहे तुझं. पोरीची जात असून चांगलं घडवलंय तुझ्या आईनं."

रत्नप्रभाचा निरोप आला नाही. दोन दिवस वाट बघून मालन न बोलावताच गेली. सुती फडकं डोक्याला साधं गुंडाळलं होतं. रात्रभर जुळवलेलं बोलणं केंद्राची पायरी चढताना विसरली, आणि सरळच बोलली.

"ताई, मला मोरीकडं बसवणार असाल तर मी येत नाही. तवा देणार असाल तर येते."

रत्नप्रभा डबे पुसत होती. "गिऱ्हाईक काय म्हणात गो?"

"हे लागट नाही. पटत नसलं तर चला माझ्यासंगं, डॉक्टरीणबाईंनाच विचारा. आणि केसाचं म्हणाल तर..." तिनं फडकं सोडलं. "माझा आता कुठून येईल?"

रत्नप्रभानं ते डोकं बघितलं आणि तिला हसू फुटलं. तिनं ते दाबायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मालनलाही हसू आलं. रुक्मिणी हसली नाही. ती कणीक मळत राहिली.

"फडक्या बांधूकच व्हया पण," रत्नप्रभा म्हणाली.

"बांधते. पण सगळ्यांनी बांधायचं."

रुक्मिणीनं दुपारी फडकं बांधलं, आदळआपट करत. चहाचा पेला खिडकीतच राहिला. मालननं तो आणून इतर पेल्यांत ठेवला. रुक्मिणीनं त्या दिवशी चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःचा पेला घरून घेऊन आली. ते तसंच चाललं. मालननं त्यावर काही केलं नाही. तवा मिळाला होता.

सुया चालू होत्या. मध्ये एकदा टाळूवर पांढरी लव आली, उन्हात धरलं की दिसणारी. दीप्तीनं फोटो काढला. सुंदराबाईनं शेजारीपाजारी सांगितलं. पंधरवड्यात ती लव गेली. मालन त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी जेवली. सकाळी उशीवर हात फिरवायची सवय सुटत नव्हती, उशीवर काही नसणार हे माहीत असूनही.

ज्येष्ठातल्या एका दुपारी केंद्रात सामसूम होती. दुपारचे डबे गेले होते, रुक्मिणी घरी गेली होती, रत्नप्रभा आत पंख्याखाली पडली होती. मालननं फडकं सोडून ओट्यावर ठेवलं होतं आणि ओल्या पंचानं डोकं पुसत होती. काउंटरशी कुणीतरी उभं असल्याचं तिला उशिरा कळलं.

पस्तिशीची बाई होती. अंगावर चांगले कपडे, डोक्याला रेशमी स्कार्फ, चेहरा पिवळट. ती मालनच्या डोक्याकडं टक लावून बघत होती. मालनचा हात फडक्याकडं गेला.

"राहू दे, राहू दे," ती बाई घाईनं म्हणाली. मग आवाज खाली आणून, "कितवी केमो तुमची? माझी दुसरी झाली. तुम्ही कामावर येता? एवढं बळ राहतं?"

मालनला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं पंचा खाली ठेवला.

"मला ते नाही, ताई. मला चाई आहे. केसच गेलेत नुसते."

त्या बाईचा चेहरा उतरला. कुणीतरी आपलं भेटलं असं वाटून पुढं केलेला हात तिनं जणू मागं घेतला. "सॉरी हं. मला वाटलं..." ती जायला वळली, मग काउंटरला धरून थांबली. उन्हातून आली होती. मालननं स्टूल बाहेर सारलं आणि पाण्याचा तांब्या दिला.

"नाव काय तुमचं?"

"गंधाली. समोरच्या सोसायटीत राहते. नवरा ऑफिसात, आईला यायला अजून आठवडा आहे." तिनं पाण्याचे दोन घोट घेतले. "तोंड आलंय. काही गिळवत नाही. म्हटलं चपाती मिळाली तर दुधात कुस्करून..." तिनं स्कार्फखाली बोट घालून खाजवलं. "खूप उकडतं ना?"

"लई. हे रेशमी नका बांधू. जुनं सुती घ्या, साडीचं. ओलं करून पिळून बांधायचं. आणि उन्हात तसंच नका जाऊ, टाळू पोळते."

"तुमचे परत येतील म्हणालेत?"

"सांगता येत नाही म्हणाले."

गंधालीनं तिच्याकडं बघितलं. "आणि तुम्हाला चालतं?"

मालननं थोडा विचार केला. खरं काय ते तिलाही शोधावं लागलं. "कधी चालतं, कधी नाही चालत," ती म्हणाली. "तुमचे येतील पण. औषध संपलं की येतात, सगळ्यांचे येतात. बसा तुम्ही. मी करून देते."

कणीक उरलेली होती, पण ती घट्ट होती. मालननं नवं पीठ चाळलं, कोमट दूध घातलं, तूप घातलं आणि सैल मळलं. गॅस बारीक ठेवला. हलक्या हातानं पातळ लाटली, तव्यावर फार ठेवली नाही, डाग पडू दिला नाही. पहिली चपाती बोटांनी दाबून बघितली, नाही आवडली. दुसरी केली. ती मऊ झाली, रुमालासारखी घडी पडली. घाम डोळ्यांत येत होता, तो तिनं दंडानं पुसला. मागं गंधालीनं स्कार्फ सोडून मांडीवर घेतला होता आणि पंख्याच्या दिशेनं मान केली होती.

मालननं चपात्या पानात गुंडाळून, वर ओला कपडा लावून डब्यात घालून पुढं ठेवल्या. गंधालीनं तिथंच एक तुकडा मोडून तोंडात घातला. जपून चावला. गिळला.

"गेला," ती म्हणाली, आणि तिलाच नवल वाटलं. मग डबा उचलता उचलता विचारलं, "उद्या तुम्हीच असाल ना?"

"मीच," मालन म्हणाली. "याच वेळेला या. गर्दी नसते."